सनाखालची चार टिंबं

जुनी नाणी जमवायचा नाद लागला की माणूस घरच्यांना खुळाच वाटतो. मी गिरणीच्या हपिसात कारकून, पगार बेताचा, आणि रविवारी भिंग घेऊन राणीछाप रुपये न्याहाळत बसायचो. आत्या म्हणायची, "लोकं रुपया खर्चत्यात, आमचं येडं त्येचं त्वांड बगत बसतंय."

आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. तिचं आणि शेजारी राहणाऱ्या, दुधनी गावच्या म्हातारीचं एकच भांडण: दोघींत थोरली कोण? त्या काळी जन्माची नोंद कुणाच्या घरी असणार! आमच्या भागात बारशाला पाळण्यात नवा कोरा रुपया ठेवायचे, तोच जन्माचा दाखला. दोघींच्या रुपयांवर सन एकच, १८६२. त्यामुळं संक्रांतीला दोघी तिळगूळ घेऊन समोरासमोर उभ्या राहायच्या, आणि पाया पडायला आधी वाकायचं कुणी, यावर गूळ हातात पातळ व्हायचा. म्हातारी कानडी. त्यांच्यात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, पण तो शब्द एकीच्याही तोंडून निघत नसे.

मग पुण्याच्या एका शौकिनानं मला सांगितलं, की टाकसाळीनं त्या रुपयावरचा सन कित्येक वर्षं बदललाच नव्हता. खरं साल ओळखू यावं म्हणून सनाखाली बारीक टिंबं दिली होती, वर्षाला एक. आता हे कळल्यावर गप्प बसेल तो मी कसला? नसतं शहाणपण अंगात मुरलेलं. दोघींना रुपयांसकट ओसरीवर बसवलं आणि भिंग काढलं.

म्हातारीच्या रुपयावर एकही टिंब नव्हतं. आत्याच्या रुपयावर चार होती.

"आत्या, तू चार वर्षांनी धाकटी. म्हण हिला अक्का."

म्हातारी पदराआड हसली. आत्या आता माझ्यावर उखडणार म्हणून मी तयारीतच होतो, पण ती बोटांची पेरं मोजत होती.

"बारातनं चार गेलं म्हंजी आट की रं?"

"आठ. पण बारा कशातले?"

"माज्या लग्नातलं."

आई-बाप पटकीत गेल्यावर तिला चुलत्यानं आपल्या घरी आणलं होतं. त्यानं रुपया कुलकर्ण्याला दाखवून सन वाचून घेतला आणि सासरच्यांना सांगितलं, पोरगी बाराची हाय, अंगानं बारीक हाय येवढंच, समदं काम करंल.

"सासू म्हनायची, बाराची घोडी आन् भरली घागर उचलंना. रोज मारायची," आत्या म्हणाली. "मलाबी खरं वाटायचं. देवापुढं हात जोडून म्हनायची, देवा, माजा आळस काड."

मला तोंड वर करवेना. माझ्या चेष्टेची मलाच लाज वाटली. म्हातारीनं हसू आवरून आत्याचा हात धरला होता.

आत्या रुपयाकडंच बघत होती.

"आट वर्साची व्हते की रं मी," ती म्हणाली. "आळशी नव्हते."