दिघीच्या टेकडीवर मुलांसोबत एक गुरुवार

लोकांची मुलं मे महिन्यात गावाला जातात, आमची मे महिन्यात आमच्याकडे येतात. ओवी सहा वर्षांची, शिवू साडेतीनचा. एरवी दोघं लातूरकडे सासूबाईंजवळ असतात, कारण इथे मोशीच्या खोलीत त्यांना सांभाळायला कुणी नाही. सुट्टीपुरता माझा धाकटा दीर त्यांना घेऊन येतो आणि दिवसभर बघतो. मी चाकणच्या कंपनीत, माझी सुट्टी रविवारी. नवरा गणेश भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, त्याची सुट्टी गुरुवारी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, भोसरीत रविवार गुरुवारीच येतो. म्हणजे आमच्या घरात आठवड्याला दोन रविवार, आणि चौघांचा मिळून एकही नाही.

शुक्रवारी मुलं परत जाणार होती. त्या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून गुरुवारची संध्याकाळ तेवढी हाती लागली. गणेश म्हणाला, "मॉलला जाऊ, एसी तरी मिळेल."

"अहो, एसीत मी रोजच असते. मोकळ्यावर जाऊ."

खरं तर जागा कुठली याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. शिवू महिनाभरात एकदाही आपणहून माझ्याजवळ आला नव्हता. भरवलं तर खायचा, उचललं तर यायचा, सोडलं की ओवीकडे पळायचा. पाहुण्या बाईशी वागावं तसा माझ्याशी शहाण्यासारखा वागायचा. जायच्या आधी त्याने एकदा तरी, न बोलावता, माझ्याकडे यावं, एवढंच मला हवं होतं.

कंपनीच्या बसमधून उतरले, तोंडावर पाणी मारलं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली आणि चौघं एका स्कूटरवर बसलो. वाहतूक पोलीस हे वाचत असतील तर त्यांनी मोठ्या मनाने सोडून द्यावं. मोशीहून नाशिक रस्त्याने भोसरी, तिथून आळंदी रस्त्याने दिघी. एरवी इथे कंटेनरच्या मागे जीव मुठीत धरून जावं लागतं. गुरुवारी मात्र शटर बंद, मशिनी बंद, भोसरी कशी आजारी माणसासारखी गप्प असते. अर्ध्या तासात पोचलो. जायचं तर गुरुवारी जा, हा माझा फुकटचा सल्ला.

टेकडीच्या पायथ्याशी एक आजीबाई हातगाडीवर कलिंगड विकत होत्या. वीस रुपयांत डिश भरून देतात. मी फोड पुढे करून "शिवू, ये, मम्मीकडे ये" करत होते आणि तो ओवीच्या फ्रॉकमागे लपत होता. आजीबाई बघत होत्या.

"गावाकडं असत्यात व्हय पोरं?"

"हो. उद्या जाणार परत."

"मग वढू नगं त्याला. पोरगं हाय ते, कुत्र्याचं पिल्लू न्हाई, यू यू केलं की यायला."

गणेश फिसकन हसला. मला काही हसू आलं नाही. ती फोड मीच खाऊन टाकली. गोड होती.

चढण सोपी आहे, लहान मुलंही चढतात. पाणी मात्र घरून न्या. वर दत्ताचं देऊळ आहे, भरपूर वारा आहे आणि खाली नजर जाईल तिथवर कारखान्यांचे पत्रे आणि इमारती. एका अंगाला लष्कराची हद्द आहे, तिकडे मोबाइल रोखू नका. आम्ही सपाट जागा बघून चादर पसरली.

"मम्मी, इथं शेळ्या नाहीत का गं?" ओवी म्हणाली. "आमच्याकडं लई हायत."

मीसुद्धा एकेकाळी असंच बोलायचे. आता कंपनीत पार्ट तपासून 'ओके' आणि 'रिजेक्ट' म्हणण्यात दिवस जातो.

लोहगावला उतरणारी विमानं इथून इतकी खालून जातात की चाकं दिसतात. पहिलं आलं तेव्हा शिवू किंचाळून धावत सुटला. मी हात पसरले. तो माझ्या बाजूने गेला आणि ओवीला बिलगला. तिने त्याच्या कानांवर हात ठेवले.

"ढग गरजले की माय असंच करती," तिने मला समजावून सांगितलं. माय म्हणजे आजी.

मला फार वाईट वाटलं. सहा वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला, तोही माझ्याच पोरीचा. गणेशने एक दशमी माझ्या हातात दिली.

मग मी नाद सोडला. पाय पसरून दशमी खात बसले. ऊन उतरलं, वारा गार झाला, खाली एकेक दिवा लागायला लागला. शिवू मातीत दगडांची रांग लावत होता. तेवढ्यात दुसरं विमान आलं. ओवीने स्वतःचे कान दाबले आणि ओरडली, "शिव्या, इकडं ये!"

तो धावला, पण तिला ओलांडून माझ्याकडे आला. मातीने भरलेले दोन्ही हात त्याने माझ्या कानांवर दाबले.

"मम्मी, भिऊ नको."

त्याचे स्वतःचे कान उघडेच होते. डोळे त्याने गच्च मिटले होते. विमान गेलं तरी मी हलले नाही.

शुक्रवारी सकाळी दीर दोघांना एसटीने घेऊन गेला. शिवू खिडकीशी बसून ड्रायव्हरकडे बघत होता, रडला नाही. रडले ती मी. आता खोली नीटनेटकी आहे आणि मला तो नीटनेटकेपणा नकोसा झालाय. टेकडी, वारा, विमान, सगळं छान आहे, जरूर जा. पण मला विचाराल तर मला मुलं इथे हवी आहेत, रोज, पसाऱ्यासकट.

काल फोनवर शिवूने विचारलं, "इमान आलतं का गं?"

मी म्हटलं, "हो, आलं होतं."

"मग तुझे कान कुणी झाकले?"

मी फोन गणेशच्या हातात दिला.