चालती मशीन मारायची होती

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी सिल्वासात, बर्फपेट्यांच्या भिंतींत फोम भरणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. नाशिकहून आलेला, तोंडाने शहाणा, पोटातून भित्रा. फोम फुगवायला आम्ही जो वायू वापरायचो त्याला ना रंग ना वास. तो वर जाऊन ओझोनचा थर खातो आणि पृथ्वीही तापवतो, म्हणून आमच्यासारख्या देशांतल्या कारखान्यांनी तो सोडावा यासाठी बाहेरच्या देशांनी निधी उभा केला होता. त्यातून आम्हाला नवी मशीन मिळणार होती. अट एकच, जुनी मशीन त्यांच्याकडून तपासायला येणाऱ्या पाहुण्यासमोर कापायची. विकायची नाही, कुणाला द्यायची नाही. चांगली चालती मशीन मारायची.

ती चालवणारे भाऊ धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे, गावातच आमलीत खोली घेऊन राहणारे, माझ्याहून वयाने बरेच मोठे. खंडेनवमीला आम्ही सगळेच मशीनला हळदकुंकू वाहायचो, भाऊ त्या दिवशी उपास धरायचे. नवी मशीनही आपणच चालवणार असं ते सगळ्यांना सांगत, कारण मीच त्यांना तसा शब्द दिला होता. मग मालकांनी ट्रेनिंगची यादी माझ्यापुढे ठेवली. दोन आयटीआय झालेली पोरं. भाऊंचं नाव नव्हतं, नोकरीही राहणार नव्हती.

"कापून झाल्यावर सांगू," मालक म्हणाले. "आधी कळलं तर हात लावणार नाही तो." कुठल्या नळीत वायू अडकून राहतो हे भाऊंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी मान डोलावली. आजही त्या मानेची मला लाज वाटते.

मशीनची विजेची केबल काढून टाकली त्या दिवसापासून किलवणी गावाहून कामाला येणाऱ्या बायका त्या शेडमधून एकट्या जाईनात. आत पंप चालल्याचा आवाज येतो म्हणत. मी त्यांची भरपूर थट्टा केली आणि भर दुपारी स्वतः आत गेलो. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. मशीनच्या पोटातून हळू, लांब सुस्कारा आला, थांबला, पुन्हा आला. मेच्या उन्हाने उरलेला वायू फुगतोय हे मला कळत होतं. तरी मी बाहेर आलो तो जवळजवळ पळतच.

पाहुणा आला, त्याने नंबरपट्टीचा फोटो घेतला. ज्योतीत तो वायू विषारी होतो, म्हणून गॅसकटर न लावता साध्या हॅक्सॉनेच कापायचं ठरलं होतं. भाऊंनी एकेक नळी मोकळी केली आणि करवत लावली. ते सतत काहीतरी पुटपुटत होते. शेवटची मोठी नळी तुटली तेव्हा तोच सुस्कारा मोठ्याने सुटला, आणि आम्ही घामाने निथळत असताना कापलेल्या तोंडावर पांढरंशुभ्र हिम चढलं. पाहुण्याचा कॅमेरा खाली आला.

भाऊंनी तिथे तळवा ठेवला. "हात लावा, साहेब," ते मला म्हणाले. मी लावला. मयताच्या कपाळाला लावल्यासारखं गार लागलं आणि मी हात झटकन काढला. भाऊंनी काढला नाही.

पाहुण्याची गाडी गेल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊ, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."

"यादीमा मनं नाव नही, तेच ना? माले चार दिनपासून ठाऊक शे."

मी विचारलं, "मग कापलीत कशाला?"

भाऊ फडक्याने बोटं पुसत राहिले. "मरताना तिले जवळ आपलं मानूस पाहिजे व्हतं, साहेब," ते म्हणाले. "माले तर तेबी नही भेटनं."