माशांचा एसी

आमच्या गल्लीत पहिला एसी आला तो माशांसाठी. मी उकाड्यानं कासावीस झाले की सर म्हणायचे, खिडकी उघड. माशांच्या पाण्याचा पारा जरासा वर सरकला, तर मात्र दुसऱ्या दिवशी भिंतीला भोक पाडायला मिस्त्री हजर. सर म्हणजे माझा नवरा. ते कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे, अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची, मग मीही म्हणू लागले. आधी चिडवायला, नंतर सवयीनं.

हॉलच्या भिंतीला लागून तीन फुटांची काचेची टाकी होती. तिच्यात खारं पाणी, सच्छिद्र दगड, दोन नारिंगी मासे आणि ज्यांच्यात सरांचा खरा जीव अडकला होता ती पोवळी. पोवळं म्हणजे अंगठीतला खडा, एवढंच माझं माहेरचं ज्ञान. ते जिवंत असतं, खातं, वाढतं आणि रुसतं, हे लग्नानंतर कळलं. रुसण्याचं प्रमाण जास्त. त्यातलं फांद्याफांद्यांचं जांभळं पोवळं सरांनी हैदराबादहून आणलं होतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पाण्याच्या पिशवीत, एसटीत मांडीवर धरून. शेजारच्या प्रवाशाला डोकंसुद्धा टेकू दिलं नाही म्हणे. काही वर्षांत ते चांगलं मुठीएवढं झालं होतं.

या सगळ्याचा कारभार एका आकड्यावर चालायचा. पीएच. पाणी आंबटाकडे झुकलंय की चुन्याकडे, ते सांगणारा आकडा. समुद्राचा आठाच्या जरा वर असतो, तेवढाच आमच्या हॉलमध्येही हवा. रात्री तो थोडा उतरतो, टाकीवरचे दिवे लागले की पोवळ्यांच्या अंगातलं शेवाळ उजेड खायला लागतं आणि दुपारपर्यंत आकडा चढतो. सर सकाळी तोंड धुण्याआधी पेनासारखं मीटर पाण्यात बुडवायचे. आकडा बरा असला की चहा छान झालेला असायचा. नसला की मी साखर कमी घातली, असं ठरायचं.

त्या उन्हाळ्यात लातूरचं पाणी संपलं. रेल्वेनं पाणी यायला लागलं, गल्लीत टँकर कधी आठवड्यानं यायचा, कधी त्याहून उशिरा. टाकीतून उडून जाणारं पाणी भरायला सर आपल्या आंघोळीचं पाणी वाचवायचे आणि ते गाळून टाकीत घालायचे. मग सरांच्या आसपास बसणं अवघड व्हायचं. मी तसं बोलूनही दाखवलं, पण माशांची कुठे तक्रार होती.

शेजारच्या आजी उदगीरकडच्या. ऐंशीच्या आसपास वय, पान खाऊन रंगलेले ओठ आणि सगळ्या गल्लीला पुरेल एवढं तोंड. एकदा टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या असताना त्या उन्हानं कोसळल्या. डॉक्टरांनी त्यांच्या सुनेला बजावलं, आता यांना ऊन अजिबात सोसायचं नाही, थंडाव्यातच ठेवा, पुन्हा असं झालं तर आपल्या हातात काही राहणार नाही. थंडावा आणायचा कुठून? कूलरला घालायला पाणी नव्हतं, आणि त्यांच्या घरावर पत्रे. मी सुनेला म्हटलं, दुपारी घेऊन या आमच्याकडे, नाही तरी एसी चालूच असतो.

पहिल्या दिवशी आजी आणि सून आल्या. मग सुनेची मैत्रीण. मग मैत्रिणीचे सासरे, ते एकटे कसे येणार म्हणून त्यांचे मित्र. आठवडाभरात जेवणं उरकली की अर्धी गल्ली आमच्या हॉलमध्ये. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावायच्या, दाराच्या फटीत टॉवेल खुपसायचा. बायका निवडण-टिपण घेऊन बसायच्या आणि पुरुष उदगीर नवा जिल्हा होणार की नाही यावर भांडायचे. आजी टाकीसमोर भिंतीला टेकून बसायच्या आणि होणारच म्हणून निकाल द्यायच्या. लग्नघरासारखं वाटायचं. खरं सांगते, मला ते फार आवडलं होतं. एरवी त्या हॉलमध्ये पंपाच्या घरघरीशिवाय कुणी बोलत नसे.

आणि सरांचा आकडा बिघडला. दुपारी चढायला हवा, तर तो दुपारीच उतरायचा. सरांनी मीठ बदललं, पाणी तपासलं, मीटरही तपासलं. मग चुना पाण्यात ढवळून ठेवायचे आणि वरची निवळी एका बारीक नळीनं थेंबथेंब टाकीत सोडायचे. ती नळी बघून आजी एकदा म्हणाल्या, "का करायलास रं? मासे बी पान खातेत का?" हॉलभर हशा झाला. सरही हसले, पण जांभळ्या पोवळ्याची टोकं फिकी पडायला लागली होती, आणि त्यांचं सगळं लक्ष तिथेच होतं.

एका दुपारी गल्लीत टँकर आला. ओरडा झाला तशी आजी सोडून सगळी मंडळी घागरी घ्यायला धावली, दार सताड उघडं राहिलं. कुणीच लवकर परतलं नाही. सर टाकीपाशी मीटर धरून बसले होते. मी पाणी भरून आले तेव्हा ते स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "चढला."

"मग चांगलंच झालं की."

"अगं, माणसं बाहेर गेली म्हणून चढला. बंद खोलीत एवढी माणसं श्वास सोडतात, तो वायू पाण्यात उतरतो आणि पाणी आंबटाकडे जातं. मी हे वर्गात शिकवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंपाची हवेची नळी खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढली. धूळ आत येऊ नये म्हणून तिच्या तोंडाला माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. जांभळं पोवळं आता बुडाकडून पांढरं व्हायला लागलं होतं. मला ते बघवेना. त्या पोवळ्याला मी सवत म्हणायचे, तरी बघवेना.

"सांगा ना लोकांना, तुमच्या श्वासानं पोवळं मरतंय म्हणून," एका दुपारी हॉल भरलेला असताना मी स्वयंपाकघरात म्हटलं. "गरज आहे ती आजींना. बाकीचे धडधाकट आहेत."

"आणि आजी एकट्या येतील? एकट्याच बसायचं म्हटलं तर उपकार घेतल्यासारखं वाटेल त्यांना. दोन दिवसांत पत्र्याखाली जाऊन बसतील."

"आणि पोवळं?"

सरांनी हातातलं मीटर पुसून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "ते मी हौसेनं आणलं होतं. आजी इथे हौसेनं येत नाहीत." यावर मला पुढे वाद घालावासा वाटला नाही.

आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे. आणि आजींचे कान तिखट होते.

दुसऱ्या दुपारी सगळे आले, आजी आल्या नाहीत. सून म्हणाली, "न्हाई म्हणायल्यात. डोकं दुखतंय म्हणे." सर चप्पल न घालताच निघाले, मी मागोमाग गेले. आजी आपल्या पत्र्याच्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा लाल झाला होता, ओठ कोरडे पडले होते. सरांनी त्यांचा हात धरला, मी दुसरा धरला. त्या पुटपुटत राहिल्या, पण उभ्या राहिल्या. आमच्या हॉलमध्ये त्या आपल्या नेहमीच्या जागी बसल्या नाहीत. टाकीकडे पाठ करून, दाराजवळ बसल्या आणि नाकातोंडावर पदर घट्ट धरला.

उदगीरचं भांडण थांबलं. कुणाला काही कळेना. सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

"आजी, पदर काढा. गुदमराल."

"मी ऐकलंय बाबा काल."

"ते मशीन बिघडलं होतं. नवं आणलंय. आकडा बरोबर आहे."

सर खोटं बोलत होते. मुलांच्या प्रयोगवहीत एक आकडा मनानं घातलेला दिसला तरी पान फाडणारा हा माणूस. आजींनी मान वळवून टाकीकडे बघितलं. जांभळं पोवळं निम्म्याहून जास्त पांढरं झालेलं, लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"मग त्ये कशानं पांढरं पडलं?"

"त्याचं वय झालं होतं, आजी."

"माझं बी झालंय की," आजी पदराआडून म्हणाल्या. "मला कशाला आत आणलास मग?"

सरांनी पुढे होऊन त्यांच्या तोंडावरचा पदर आपल्या हातानं बाजूला केला, घाम पुसून दिला आणि म्हणाले, "श्वास घ्या, आजी." आजी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि सावकाश सोडला. सर तिथंच बसून राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मला तो माणूस त्या दुपारी जितका आवडला तितका कधीच आवडला नव्हता.