विजेचा नारळ

चिंचवडला, स्टेशनकडून गावठाणात शिरताना, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर योगिनी मॅडमचं ऑफिस आहे. रस्ता कुठे असावा, बाग कुठे असावी, हे तिथे ठरतं. म्हणजे सुचवलं जातं. ठरवणारे वेगळे असतात. त्या ऑफिसात खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कम्प्युटरवर नागसेन बसायचा आणि दुसऱ्यांनी बघून आलेली गावं रेघांनी काढायचा. मोशीचा नकाशा तर त्याने इतक्यांदा काढला होता की डोळे मिटून काढला असता. पण खऱ्या मोशीत नेऊन सोडला असता, तर घरी यायची बस कुठे थांबते हे विचारत फिरला असता.

काळेवाडीत शेजारचे त्याच्या वडिलांना विचारायचे, "पोरगा काय करतो?"

वडिलांची सगळी नोकरी पिंपरीच्या कंपनीत लेथ मशीनवर गेलेली. हाताला काळं लागत नाही त्याला काम म्हणायचं की नाही, याबद्दल त्यांच्या मनात अजून शंका होती. ते म्हणायचे, "रेघा मारतो. पण सरळ मारतो."

तर या नागसेनला खुर्चीतून उठायचं होतं. गावं बघून येणाऱ्यांत जायचं होतं. म्हणून त्याने पुण्यात दर शनिवारचा एक कोर्स लावला. माणसांना प्रश्न कसे विचारायचे, जागा कशी वाचायची, ऊन, सावली, पाणी कसं मोजायचं, असं सगळं त्यात होतं.

त्याची बायको अंजली चाकणला वायरिंगच्या कंपनीत क्वालिटीला होती. तिने कोर्सचं ऐकून कपाळाला हात लावला.

"प्रश्न विचारायला शिकायची फी भरलीस? माझ्या आत्याला बोलवायचं होतं. लग्नाच्या बैठकीत तिने तुझा पगार, तुझं पोटाचं दुखणं आणि कॉलेजातली ती मुलगी, सगळं चहा गार व्हायच्या आत काढून घेतलं होतं. फुकटात."

"ती चौकशी. हे संशोधन."

"फरक काय?"

फरक होता. कोर्सच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. कुणालाही प्रश्न विचारण्याआधी त्याला सांगायचं, की मी कोण, मला कुणी पाठवलं, तुमच्या उत्तराचं पुढे काय होणार, आणि नको असेल तर तुम्ही 'नाही' म्हणू शकता. नागसेनने हे पाठ केलं आणि सरावासाठी अंजलीसमोर उभा राहून म्हणून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, "नाही" म्हटलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

होळीच्या सुमाराला मॅडमनी त्याला बोलावलं. मोशीतल्या काही नव्या सोसायट्यांना मिळून एक पायवाट करायची होती. एक तर ती गावठाणातून सोसायट्यांकडे येणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेने करता आली असती, नाहीतर सोसायट्यांच्या भिंतींमागून. जुन्या रस्त्याने खरोखर कोण चालतं, केव्हा चालतं, सावली कुठे आहे, झाडं किती, एवढं बघून सांगायचं होतं.

"नीट केलंस तर पुढची फील्डची कामं तुझी," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर तुझी खुर्ची आहेच."

खुर्चीचं नाव काढताच नागसेनची पाठ दुखायला लागली.

रविवारी सकाळी तो मोशीत उतरला. अंगात ऑफिसचं चमकत्या पट्ट्यांचं केशरी जाकीट, गळ्यात थर्मामीटर, एका हातात टेप, दुसऱ्या हातात गेरूचा डबा. गेरू झाडांसाठी. एकच झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या झाडावर आकडा घालायचा, ही त्याची स्वतःची आयडिया. तिचा त्याला मोठा अभिमान होता.

पहिल्या घरी ओट्यावर मंजुळाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. नागसेनने हात जोडले.

"नमस्कार. मी नागसेन. मी एका खासगी संस्थेतर्फे..."

"आमच्याकडं हाय मिक्सर," म्हणत मंजुळाबाई शेंगांचं सूप उचलून आत गेल्या.

दुसऱ्या घरच्यांकडे पाण्याचा फिल्टर आधीच होता. तिसऱ्या घरी नागसेनचा धीर सुटला. भिमाजी नावाचा एक जाडजूड गडी दारात दात घासत होता. त्याच्यापुढे उभं राहून नागसेन एवढंच बोलला:

"सर्वे आहे."

भिमाजीने पचकन थुंकून ब्रश खिशात घातला. आतून खुर्ची आली. चहा आला. चहामागून पोहे आले. भिमाजीचा चुलता आला, चुलत्याचा जावई आला. बघता बघता सगळी आळी नागसेनभोवती गोळा झाली, आणि आत गेलेल्या मंजुळाबाईसुद्धा शेंगांसकट बाहेर आल्या. सरांनी शिकवलेल्या चार वाक्यांनी जी दारं बंद केली होती, ती या दोन शब्दांनी सताड उघडली. मग चार वाक्यं कोण म्हणतंय!

"या रस्त्याने कोण कोण चालतं?" नागसेनने विचारलं.

"कोन बी न्हाई," भिमाजी म्हणाला. "रस्ताच आमचा हाय, साहेब. आमच्या आज्यानं बैलगाडीपुरती वाट दिली, त्येच्यावर डांबर पडलं. जागा पार त्या खांबापत्तुर आमची."

"न्हाई वो," चुलता म्हणाला. "खांबाच्या पल्याड आमची."

दिवसभर हेच. कुणी चालत नाही, कुणी फिरत नाही, आणि जागा आमची. साहेब म्हणून हाक मारली की नागसेनला गुदगुल्या व्हायच्या. त्याने वाटेतल्या वडाला, पिंपळाला, बाभळीला, मंजुळाबाईंच्या परसातल्या शेवग्याला टपोरे लाल आकडे घातले आणि घरी जाऊन नकाशा काढला. या रस्त्यावर एकही माणूस चालत नाही. पायवाट भिंतीमागून करावी. सगळ्यांची उत्तरं अगदी एकसारखी! पहिल्याच कामात इतकं स्वच्छ उत्तर हाती लागलं, याचं त्याला कौतुक वाटलं.

सर म्हणायचे, एकदा मोजलेलं पुन्हा एकदा मोजावं. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी तो परत गेला. दुसऱ्या दिवशी सोमवारी सोसायट्यांच्या लोकांसमोर सगळं मांडायचं होतं.

रस्त्याच्या तोंडाशी पोचला आणि त्याला वाटलं, बस चुकली. आपण भलत्याच गावात उतरलो.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल उगवलं होतं. आंब्याची कलमं, चिकू, पेरू, नारळ. काहींच्या मुळाशी नर्सरीची काळी पिशवी तशीच. गोठ्याच्या पत्र्याला टेकून डाळिंब उभं. चुलत्याच्या मोरीपाशी चंदन होतं, असं चुलता म्हणत होता. आणि सगळ्या रोपांना आकडे! नागसेनने जिथे सोडले होते तिथून पुढचे. त्याच्याच वळणाचे, तसेच टपोरे. रोपाच्या काडीवर आकडा मावत नव्हता, म्हणून शेजारी वीट उभी करून विटेवर घातलेले. आणि भिमाजीच्या दाराशी तर एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाच्या प्रवेशद्वारातला दिव्यांचा प्लास्टिकचा नारळ उभा होता. त्यालाही आकडा होता.

"हे काय?" नागसेनने विचारलं.

"फळझाड," भिमाजी डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला. मग जवळ येऊन हळूच, "साहेब, रिंगरोड हाय का डीपी रोड? आमी कुनाला सांगत न्हाई. फकस्त झाडाला काय भाव धरत्यात तेवढं सांगा."

नागसेनच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. केशरी जाकीट, टेप, झाडावर लाल आकडा. या पट्ट्यात त्याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो: सरकारी रस्त्यात जमीन जाणार. आणि जमीन जाणार असेल तर झाडाची वेगळी भरपाई मिळते. मग तुमच्या रस्त्याने कोण चालतं, असं कुणी विचारलं तर शहाणा माणूस काय सांगेल? लोक चालतात म्हटलं तर वाट सगळ्यांची ठरते आणि पैसे जातात.

दुपारी तो घरी आला तो कॉटवर आडवाच झाला. अंजलीने सगळं ऐकलं आणि पोट धरून हसली.

"आमच्या कंपनीत ऑडिटर येतो ना, त्या दिवशी आमच्या लाइनवर ग्लोव्हज न घातलेला माणूस सापडत नाही. कुंड्यासुद्धा भाड्याने आणतात. तू मोशीचा ऑडिटर झालास, राव!"

"हसू नको. उद्या मांडायचंय."

"मग पहिल्या रविवारचं मांड. त्या दिवशी जंगल नव्हतं."

"झाडं खरी होती. बोलणं खोटं होतं. मी कोण ते मी सांगितलंच नाही, तर ते तरी खरं कशाला सांगतील? आणि आता खरं सांगितलं तर हातात काहीच राहत नाही. खुर्ची पक्की."

अंजली हसायची थांबली. तिने त्याचं जाकीट उचललं आणि घडी घालून कपाटात सगळ्यात खाली ठेवलं.

"शर्टवर जा," ती म्हणाली. "मला पाठ करून दाखवलं होतंस ते म्हण. या वेळी कुणी आत गेलं तरी पूर्ण म्हण."

ऊन कलताना नागसेन मोशीच्या पारावर आळीसमोर उभा राहिला आणि चारही वाक्यं त्याने पूर्ण म्हटली. मी कोण. कुणी पाठवलं. रस्ता नाही, भरपाई नाही, एक पायवाट आहे, तीही झाली तर. आणि तुम्ही नाही म्हणू शकता.

मग चुलता जावयाकडे बघून म्हणाला, "बघ, म्हनलं नव्हतं? आदी असंच सांगत्यात."

"अहो काका, खरंच नाहीये!"

"व्हय व्हय," भिमाजीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुमाला बी वरून दाब असंल. आमाला समजतंय की." आणि जावयाला म्हणाला, "नर्सरी उघडी हाय का बघ रं."

नागसेन जितकं 'नाही' म्हणाला तितका रस्ता रुंद होत गेला. शेवटी तो मुकाट्याने पारावरून उतरला, मंजुळाबाईंच्या दारात गेला आणि म्हणाला, "मावशी, एक बादली पाणी आणि घासणी द्या."

"कशाला?"

"आकडे पुसायचेत."

त्याने वडापासून सुरुवात केली. गेरू सालीच्या भेगांत बसला होता. काथ्याने घासला तरी निघेना. शर्टावर लाल ओघळ आले. दुसरं झाड, तिसरं झाड. मागून आळी चालत येत होती, आधी हसत, मग कुजबुजत, मग गप्प. पिंपळापाशी मंजुळाबाईंनी बादली बदलून दिली आणि मागे वळून मोठ्याने म्हणाल्या:

"ऐ भिमाजी! आकडं घालनारं लई बघितलं. पुसनारा सरकारी मानूस बघितला व्हता का कदी?"

भिमाजीने डोकं खाजवलं. नव्हता बघितला. मग त्याने चंदनापाशी जाऊन पहिली वीट उचलली.

"आयला. म्हंजे काय बी न्हाई?"

"काही नाही, भाऊ."

"मग हितकी कलमं काय डोक्यावर लावू?"

"जगवा आता," मंजुळाबाई म्हणाल्या. "लावलंय तर पानी घाला."

विटा उचलल्या गेल्या तशा जिभाही सैल झाल्या. नागसेन घासत होता, विचारत काहीच नव्हता. मंजुळाबाई म्हणाल्या, सांच्याला आमी बाया सगळ्या ह्याच रस्त्यानं फिरायला जातो की, सोसायटीतल्या बी येत्यात, कानात वायरी घालून. उन्हाचं वडाच्या सावलीनं, दुसऱ्या अंगाला तर गटार उघडी. चुलत्याला डॉक्टरने चालायला सांगितलं होतं, तो रोज खांबापर्यंत जायचा; खांब कुणाचा हा विषय त्या दिवशी निघाला नाही.

"मग बायका कुठपर्यंत जातात?" नागसेनने न राहवून एकच प्रश्न विचारला.

"शेवग्यापत्तुर. म्होरं दिवा न्हाई. पर ह्या आठवड्यात मातर..." मंजुळाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

तेवढ्यात भिमाजीच्या बायकोने बटण दाबलं. प्लास्टिकचा नारळ हिरवा, मग निळा, मग गुलाबी झाला. आणि दोन्हीकडून, गावठाणातून आणि सोसायट्यांतून, बायका त्या उजेडाच्या दिशेने चालत आल्या, नारळाला वळसा घातला, आणि गप्पा मारत माघारी फिरल्या. नागसेन काथ्या हातात धरून बघत राहिला.

सोमवारी ऑफिसात सोसायट्यांचे लोक जमले. नागसेनने पहिल्या रविवारचा नकाशा लावला आणि सांगितलं, हा चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे. मग दुसरा लावला. तो हाताने काढलेला होता, रेघा वाकड्या होत्या. वडाची सावली, उघडं गटार, बायकांच्या जाण्यायेण्याची जाड रेघ. ती रेघ एका ठिकाणी गोल वळून परत येत होती.

"इथे काय आहे?" एका गृहस्थांनी चष्मा वर केला.

"नारळ."

"एका नारळापाशी सगळ्या का वळतात?"

"तो विजेचा आहे, सर. त्याच्या पुढे अंधार आहे."

कुणीतरी फिस्कन हसलं. ते गृहस्थ हसले नाहीत. ते म्हणाले, "तरीच. आमची ही आठवडाभर उशिरा येतेय, आणि विचारलं तर म्हणते, नारळापर्यंत गेले होते. मी म्हटलं, कुठला नारळ?"

मॅडमनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. लोक गेल्यावर त्या म्हणाल्या, "पहिला नकाशा एकदम सुबक होता रे."

"हो मॅडम."

"तोच आणला असतास तर मला कळलं नसतं." त्यांनी वही मिटली. "पुढच्या रविवारी त्या गटाराची पातळी घेऊन ये. गेरू नेऊ नकोस."

नागसेन आपल्या जागेवर आला. खुर्चीत नवा इंजिनिअर दिग्विजय बसला होता आणि मोशीचा नकाशा काढत होता.

"सर, हा सिम्बॉल कुठल्या लेयरवर टाकू?" त्याने नारळावर बोट ठेवलं. "झाडांत की दिव्यांत?"

नागसेनने उभ्याउभ्याच सांगितलं, "दोन्हीत टाक. आणि एकदा जाऊन बघून ये, भावा. बस पारापासून सुटते."