पंचावन्न मिनिटांवरची ताई

शेजारच्या देशातलं ते शहर किती लांब, असं गिऱ्हाइकाने विचारलं की तिकीटवाले काका मान वर न करताच सांगत, "सव्वासहाशे किलोमीटर. विमानाने पंचावन्न मिनिटं. पेपर वाचून होतोय न होतोय तोच उतरायची वेळ." हे सांगताना रुबाब असा, की रोज दुपारी तिकडेच जेवून येत असावेत. प्रत्यक्षात अर्धं आयुष्य विमानाची तिकिटं विकणारा हा गृहस्थ स्टुलावर चढून पंखा पुसायलाही घाबरायचा. एकदाही विमानात बसलेला नव्हता. दुकानात हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःला मात्र पुरतं ठाऊक होतं, आणि आपल्या या शूरपणाचं त्यांना एकट्यानेच हसू यायचं.

त्याच शहरात त्यांची थोरली बहीण राहायची. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं होतं. दरवर्षी तीच यायची. तिकीट काका काढायचे, तेवढीच काय ती त्यांची मर्दुमकी. यंदा तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. फोनवर ती म्हणाली, "आता माझ्याच्याने प्रवास होत नाही. या खेपेला तू ये. जमत नसेल तर तसं सांग, मी पुन्हा म्हणून बोलावणार नाही."

काकांना भीती वाटली. विमानाच्या नुसत्या विचाराने वाटते, त्याहून मोठी. त्यांनी धडाधड बटणं दाबून स्वतःचं तिकीट काढलं. गिऱ्हाइकाचं तिकीट तीनतीनदा तपासणारा माणूस, पण आपलं बघायची छाती झाली नाही. घडी घालून खिशात टाकलं, ते थेट विमानतळावर बाहेर काढलं.

काउंटरवरच्या मुलीने ते वाचलं, पुन्हा वाचलं. "काका, तुमचा प्रवास तिकडून सुरू होतोय. तिकडून इकडे."

घरचं म्हणून इतकी वर्षं ताईचंच तिकीट काढलेलं, बोटांना तेवढीच वाट माहीत! आणि आपल्या शूर काकांना आधी काय वाटलं? हायसं वाटलं. सुटलो एकदाचे! मग स्वतःचीच लाज वाटली. तरी फोन लावलाच.

"ताई, घोटाळा झाला गं. तिकीट तिकडून इकडचं निघालं."

ताई खळखळून हसली. हसताहसताच थांबली. "म्हणजे अजूनही मीच यायचं का रे?"

"नाही. येतोय मी," एवढंच म्हणून काकांनी फोन ठेवला आणि तिकिटाची खिडकी गाठली.

"पुढच्या विमानात जागा आहे. खिडकीजवळची देऊ?"

"खिडकीची सोडून कुठलीही द्या."

"आणि परतीचं कधीचं काढू?"

परतीची तारीख ठरवल्याशिवाय काका स्वतः कुठल्याही गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर सोडत नसत.

"ते ताईला विचारून सांगतो," ते म्हणाले.