डुमसची खाडी, भटूची होडी आणि मी नेलेले एलईडी

डुमसला लोक समुद्र बघायला जातात. मी गेलो ते भटूची नोकरी बघायला, आणि जमलं तर तसलीच आपल्यासाठी मागायला.

भटू आमच्याच गावचा, अमळनेर तालुक्यातला. डिंडोलीत आम्ही एका खोलीत राहायचो आणि खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, शेजारशेजारच्या मशीनवर उभे असायचो. मग एका सुट्टीला तो डुमसला फिरायला गेला आणि तिकडचाच झाला. कांतीकाका म्हणून एक सुरती मासेमार आहेत, त्यांच्या छोट्या होडीवर हाताखाली लागला. आता फोन केला की त्याच्या मागे वारा ऐकू येतो, माझ्या मागे लूम. तो आमच्या अहिराणीत सांगतो, "भो, आज पापलेट लागनात." मी काय सांगू, आज धागा किती वेळा तुटला ते? फोन ठेवला की माझं पोट दुखायला लागतं.

मागे त्याचा असाच फोन आला. होडीचे जुने बल्ब बॅटरी पिऊन टाकतात, पहाटे इंजिन उठत नाही, काकांना एलईडी लावायचेत. "खात्यामा लाइटनं काम तूच करस ना? ये, बसाडी दे. काकाले आखो एक माणूस पाहिजे शे. मी बोलसू तुन्हासाठे."

त्या रात्री मी होडीवरच झोपलो, खोलीत पडून.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. डिंडोलीहून शटल रिक्षाने उधना, तिथून सिटी बस बदलत डुमस. बस स्वस्त आहे, फक्त वाट बघायची तयारी ठेवा. सकाळी उधन्याला लोचो खाऊन घ्या, वरून तेल आणि शेव जास्त मागा, पुढे दुपारपर्यंत भूक लागत नाही. डुमस रोड लागला की सुरत एकदम दुसरीच होते. काचेच्या बिल्डिंगी, झाडं, विमानतळ. खिडकीतून बघताना वाटलं, ह्या सगळ्यांच्या साड्या-ड्रेसचं कापड आम्ही विणतो आणि ह्या रस्त्याने भटू रोज फिरतो. माझ्या पिशवीत बारा व्होल्टचे एलईडी होते, दुकानात मिळाले त्यातले सगळ्यात जास्त उजेडाचे, पांढरेशुभ्र. वर माझ्याकडून एलईडीची एक लांब पट्टीही घेतली होती. काका खूश झाले पाहिजेत.

सगळे जण काळ्या वाळूच्या किनाऱ्याकडे वळतात. होड्या मागच्या बाजूला, खाडीत असतात. जाताना भरतीची वेळ विचारून जा. मी ओहोटीला पोचलो आणि गुडघ्यापर्यंत चिखलातून गेलो. भटू मात्र एका होडीवरून दुसऱ्या होडीवर अनवाणी उड्या मारत आला. काळा झाला होता, खांदे रुंद झाले होते. वर हसत होता.

"संजू, तू ते गोरा व्हयी गया रे. सावलीमा ठेवतस का तुले?"

कांतीकाका कमी बोलतात. चहा आला तेव्हा त्यांनी न बघताच आपली अर्धी बशी भटूकडे सरकवली. मला वेगळा पूर्ण कप दिला, पाहुण्याला देतात तसा. ती अर्धी बशी बघून मला जे झालं ते पापलेट ऐकूनही झालं नव्हतं.

मग मी कामाला लागलो. होडीच्या डाव्या बाजूला लाल काचेचा दिवा, उजव्या बाजूला हिरव्या काचेचा, मागे पांढरा. आतले पिवळे बल्ब काळवंडले होते. ते काढून माझे बसवले. एक लागेना, त्याची वायर उलटी केली, लागला. मग ती पट्टी होडीच्या आतून कडेकडेने फिरवली, लूमवर कापडावर उजेड पाडतो तशी. खात्यात हाच हिशोब, जेवढा उजेड जास्त तेवढा तुटलेला धागा लवकर दिसतो. काकांनी हात फिरवून जोड तपासले. "हाथ साफ छे," म्हणाले. मी भटूकडे बघितलं.

दिवस मावळताना पाणी चढलं आणि आम्ही बाहेर निघालो. खाडीच्या तोंडाशी अंधार झाला तसे मी सगळे दिवे लावले. होडी लग्नाच्या मांडवासारखी उजळली. काका मागून ओरडले, "दीकरा, बंद कर. हमकू आगे कुछ दिखता नहीं."

खरंच, होडी सगळी दिसत होती आणि होडीबाहेर काहीच नाही. भटूने शर्ट काढून पट्टीवर टाकला. तेवढ्यात समोरून येणाऱ्या होडीतून आवाज आला, "कांती, तारी बत्ती धोळी केम छे?" तुझी बत्ती पांढरी का, असं. माझ्या बल्बांचा पांढरा इतका जोरात होता की लाल आणि हिरवा दोन्ही लांबून फिके पडले होते. कुठली बाजू कुठली ते समोरच्याला कळेना. काका शांतपणे म्हणाले, "ये बत्ती अपने देखने का नहीं. दूसरा हमकू देखे, उसका है."

पट्टी बंद केली. मग जो अंधार झाला तसा मी सुरतेत कधी बघितला नव्हता. फळी घट्ट धरली. नकळत मोबाइलची बॅटरी लावली. काका म्हणाले, "वो भी बंद." बंद केली. थोड्या वेळाने पुन्हा माझ्या हातात लागलेली होती. पुढे भटू पाय सोडून बसला होता, पाण्याच्या आवाजावरून काकांना सांगत होता, "काका, थोडं डावं."

परतल्यावर भटूने मला टोमॅटोची भजी खाऊ घातली. डुमसला आलात तर ही खाच, आत हिरवी चटणी असते. मी विचारलं, काका काय म्हणाले. तो भजं चावत राहिला.

"तुन्हा हात चांगला शे म्हने."

"आणि?"

"पन हाऊ पोऱ्या उजेडबिगर बसस नही. म्हने, समुद्रमा कसं व्हई?"

परतीच्या बसमध्ये तो शेजारी असता तर मी भांडलोच असतो, बरं झालं तो आला नाही.

पुढच्या सुट्टीला मी लाल काचेसाठी लाल एलईडी आणि हिरव्यासाठी हिरवा असे शोधून आणले. भटू डिंडोलीला आला तेव्हा त्याच्या हातात दिले. मला त्याचा कितीही राग असला तरी अंधारात कुणी त्याच्यावर होडी घालावी असं वाटत नाही. त्याने बसवले. काका म्हणाले म्हणे, आता बरोबर.

डुमसला जरूर जा. एका दिवसात होतं, खर्चही फार नाही. मी मात्र त्यानंतर गेलो नाही. संध्याकाळी खोलीतले बाकीचे कामावर गेले की ट्यूब बंद करतो, खिडकीला चादर लावतो आणि अंधारात बसून बघतो. बाहेरून लूमचा आवाज येत असतो. काही वेळ जमतं, मग हात आपोआप बटणाकडे जातो. भटूला ते शिकावं लागलं नाही, ह्यावरच मी सगळ्यात जास्त जळतो.