साडूंचा अंगठा

आमच्या साडूंइतका हाकेला तत्पर माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. फक्त ही सगळी तत्परता त्यांच्या उजव्या अंगठ्यात साठली होती. बाकीचा देह जागचा हलत नसे. ते साखर कारखान्यात बॉयलरवर होते. पूर्वी लोखंडी जिने चढून-उतरून त्यांच्या पोटऱ्या पैलवानाच्या झाल्या होत्या. मग बॉयलर संगणकावर गेला आणि साडू गार खोलीत पडद्यासमोर बसले. पाणी, वाफ, सगळं यंत्र आपलं आपण सांभाळायचं. अधूनमधून भोंगा वाजायचा, साडूंनी ‘ऐकलं’चं बटण दाबायचं, की भोंगा गप्प. "खरंच काही बिघडलं असेल तर?" मी एकदा विचारलं. "पावणं, दिसभर कोकलतंय ते. उठून बगाय गेलं तर कायबी नसतंय. आन असलंच तर त्येचं त्येच निस्तरतंय की!"

हळूहळू तो अंगठा उचगावच्या घरी आला. कुकरची शिट्टी झाली, दारावरची बेल वाजली, की साडू बसल्या जागी खुर्चीचा हात दाबत. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजी ‘सावधान’ म्हणाले, की दरवेळी ते माझा गुडघा दाबत होते. मी हसून बेजार. मेव्हणी मात्र कपाळाला हात लावी. "माझ्या हाकंला ह्यांचा अंगठा ओ देतोय," म्हणे.

गेल्या हंगामात एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. स्वयंपाकघरातून तिनं हाक मारली, "अवं!" साडू टीव्हीसमोर होते. त्यांनी अंगठा दाबला. पुन्हा हाक आली, पुन्हा दाबला. मग घर शांत झालं. दिवसकार्य उरकल्यावर हे त्यांनीच मला सांगितलं. "आवाज बंद झाला, पावणं. मला वाटलं, मिटलं." राग यायला हवा होता, पण त्यांच्याकडे बघून तो आला नाही.

परवा गेलो तर साडू दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलेले. गप्पा चांगल्या रंगल्या होत्या. मध्येच ते ताडकन उठले आणि आत धावले. मला कसलाच आवाज आला नव्हता. आत भांडंसुद्धा वाजलं नाही. थोड्या वेळानं धापा टाकत परतले.

"काय झालं?" मी विचारलं.

"हाक मारतीया की," ते म्हणाले. "मी पोचलो की गप हुतीया."

साडूंनी हात पुन्हा मांडीखाली घेतले आणि कान आतल्या खोलीकडे लावून बसले.